एका खासदारामागे माणसे किती?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

लोकसभेच्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर, म्हणजे लोकसंख्येनुसार राज्यांच्या जागा आणि मतदारसंघांच्या सीमा नव्याने ठरवण्यावर, जी चर्चा चालली आहे, ती बहुतेक सगळी उत्तर आणि दक्षिण या दोन शब्दांभोवतीच फिरते. तमिळनाडू आणि केरळ यांच्या जागा किती कमी होणार, उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या किती वाढणार, आणि त्यामुळे दिल्लीतील सत्तेचा काटा कोणत्या बाजूला झुकणार, एवढेच प्रश्न विचारले जातात. महाराष्ट्रातला वाचक ही चर्चा शेजारच्या घरातील वाटणीचा वाद भिंतीपलीकडून ऐकावा तशी ऐकतो आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे असेल, पण या वादात एक आकडा मला सतत गैरहजर दिसतो. कोणत्या राज्याला किती खासदार, हे सगळे विचारतात. एका खासदारामागे माणसे किती, हे कोणी विचारत नाही. लोकसंख्या वाढत गेली आणि सभागृह तेवढेच राहिले, म्हणून या देशातल्या प्रत्येक नागरिकाचा, मग तो केरळचा असो वा बिहारचा, संसदेतला वाटा पातळ होत गेला आहे. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

हा प्रश्न आपल्या घटनाकारांना पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर आकड्यात लिहून ठेवले होते. राज्यघटनेच्या मूळ कलम ८१ नुसार साडेसात लाख लोकसंख्येमागे किमान एक आणि पाच लाखांमागे जास्तीत जास्त एक, या प्रमाणात लोकसभेचे सदस्य असायचे होते, आणि सभागृहाची एकूण मर्यादा ५०० होती. १९५१ च्या जनगणनेचे आकडे हाती आल्यावर या मर्यादा एकमेकींत बसेनात, तेव्हा १९५२ मध्ये दुसरी घटनादुरुस्ती करून साडेसात लाखांची अट काढून टाकण्यात आली. सभागृहाची मर्यादा वाढवून माणसांची मर्यादा राखता आली असती. निवड नेमकी उलट झाली. त्या दुरुस्तीची आठवण आज फारशी कोणी काढत नाही, पण माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ तिच्यात आहे, कारण तेव्हापासून खासदारामागच्या माणसांची संख्या कितीही फुगली तरी घटना तिला अडवत नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ४८९ जागा होत्या आणि १९५१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३६ कोटींच्या थोडी वर होती, म्हणजे ढोबळ मानाने एका सदस्यामागे ७ लाख ४० हजार माणसे. १९७१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५४.८ कोटी झाली, आणि आजच्या ५४३ जागांनी तिला भागले तर भागाकार १० लाखांच्या आसपास येतो. २०११ मध्ये लोकसंख्या १२१ कोटी झाली, जागा मात्र ५४३ च राहिल्या, आणि भागाकार २२ लाखांच्या पुढे गेला. आज १४० कोटी धरली तर तो पावणेसव्वीस लाख होतो. मतदारांचेच पाहायचे झाले तर पहिल्या निवडणुकीत साधारण साडेतीन लाख मतदार मिळून एक खासदार निवडत होते. २०२४ मध्ये सुमारे ९७ कोटी मतदारांची नोंद होती, म्हणजे सरासरी पावणेअठरा लाखांना एक. माझ्या वडिलांचे पहिल्या निवडणुकीतले मत आणि माझे २०२४ चे मत यांची तुलना केली, तर माझ्या मताचा खासदारातला वाटा त्यांच्या वाट्याच्या एक पंचमांशावर आला आहे.

जागा गोठवल्या गेल्या त्यामागचे कारण वाईट नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कलम ८२ नुसार दर जनगणनेनंतर जागांची फेरवाटणी व्हायची. १९७६ मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीने ती थांबवून सन २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत राज्यांच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवर पक्क्या केल्या. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून राबवले, त्यांची लोकसंख्या कमी वेगाने वाढणार आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांचे खासदार घटणार, हे अन्यायाचे होते. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यासाठी आयुष्यभर लोकनिंदा सोसली, ज्या मुंबईच्या विधिमंडळात १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने हा विषय मांडला, तिथल्या माणसाला ही बाजू समजावून सांगावी लागू नये. पुढे ८४व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ८७व्या दुरुस्तीने राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या आकड्यांवर नव्याने आखण्याची मुभा दिली, पण राज्याची एकूण संख्या तीच ठेवली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली असती, तर २०२६ नंतरची पहिली जनगणना २०३१ ची ठरली असती आणि हा प्रश्न आणखी पाच वर्षे पुढे गेला असता. ती लांबली, आणि जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार नव्या गणनेचा संदर्भदिनांक देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ठरला. अशा रीतीने पन्नास वर्षे बंद असलेली ही पेटी आता उघडते आहे.

लोकसंख्या वाढली तर काय होते आणि घटली तर काय होते, या दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या जागी राहून पाहिल्या आहेत, म्हणून थोडे घरचे सांगतो. माझा जन्म राजापूर तालुक्यातला. आमच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून सलग तीनदा बॅरिस्टर नाथ पै यांना आणि १९७१ पासून सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवले. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, कारखाने नव्हते, घरटी एक माणूस मुंबईला आणि त्याच्या मनिऑर्डरीवर घर चालायचे; पण संसदेत आपला माणूस उभा राहिला की सभागृह ऐकते, याचा त्या गरीब मुलखाला केवढा तरी अभिमान होता. कोकण रेल्वेचा प्रश्न ज्या चिकाटीने तिथे लावून धरला गेला, ती चिकाटी या एका मतदारसंघाच्या पाठबळावर उभी होती.

तो मतदारसंघ आज नकाशावर नाही. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर आणि रत्नागिरी या दोन मतदारसंघांच्या जागी चिपळूणपासून दोडामार्गापर्यंत पसरलेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच मतदारसंघ आला, आणि दापोली, गुहागर हा उत्तरेकडचा भाग रायगडला जोडला गेला. विधानसभेच्या रत्नागिरी जिल्ह्यातील सात जागांच्या पाच झाल्या आणि सिंधुदुर्गातील चारच्या तीन. त्याच वेळी ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू या दोन लोकसभा मतदारसंघांचे ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर असे चार झाले. आमची माणसे ठाण्याला आली, जागाही त्यांच्या मागोमाग ठाण्याला आल्या. गणिताच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही, आणि मीही त्या आलेल्यांपैकीच एक आहे. पण मागे राहिलेल्यांचे काय? माझे थोरले बंधू गावी राहिले. त्यांच्या वाट्याला आलेला मतदारसंघ इतका लांबलचक आहे की खासदाराने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचे म्हटले तर घाट, खाड्या आणि कायम दुरुस्तीत असलेला महामार्ग यांत दिवस जातो. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्षात घटली. दोन्ही मिळून २५ लाख ६६ हजारांवरून ती २४ लाख ६५ हजारांवर आली. सभागृह जैसे थे ठेवून नव्या आकड्यांवर पुन्हा रेषा ओढल्या, तर कोकणाचा आणखी एक लचका तुटणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि ज्या ठाण्याला जागा वाढल्या म्हणतात, तिथे माझी स्थिती काय आहे? घोडबंदर रस्त्यावर मी राहतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांवर माणसे होती, आणि २०१४ मध्ये त्यातून पालघर जिल्हा वेगळा काढावा लागला. आमच्या लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर आहे, ठाणे शहर आहे, आणि खाडीपलीकडचे ऐरोली-बेलापूरही आहे. म्हणजे तीन महानगरपालिकांच्या हद्दी आणि एक खासदार. २०२४ मध्ये इथे सुमारे २५ लाख मतदार होते. मुंबई दक्षिणमध्ये ही संख्या १५ लाखांच्या आसपास होती आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात साडेचौदा लाखांच्या आसपास. सीमा आखल्या त्या २००१ च्या आकड्यांवर. त्यानंतर या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी नवी नगरे उभी राहिली, ती कोणत्याही मतदारसंघाच्या हिशेबात धरलेली नाहीत. गावी राहिलेल्या बंधूंचा खासदार अंतराने दूर गेला आणि माझा गर्दीने. दोघांच्या तक्रारीचे कारण एकच आहे: माणसे वाढली, हलली, आणि वाटायच्या खुर्च्या मात्र तेवढ्याच, त्यामुळे एकाला द्यायची तर दुसऱ्याची काढावी लागते.

खासदाराचे काम कायदे करणे हे आहे, त्यासाठी मतदारसंघ लहान असण्याची गरज काय, असे विचारणारे भेटतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. लोकलच्या फेऱ्या, पोस्टाची आणि पासपोर्टची कामे, भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय महामार्ग, मोठी बंदरे, किनारा नियमन, दूरसंचार, हे सगळे केंद्राचे विषय आहेत आणि नागरिकाची त्यांतली अडचण दिल्लीपर्यंत नेणारा लोकनियुक्त माणूस हा एकच आहे. खासदार निधीचे उदाहरण घ्या. प्रत्येक खासदाराला मतदारसंघातील कामांसाठी वर्षाला पाच कोटी रुपये सुचवता येतात, मग मतदारसंघ केवढाही असो. भागाकार केला तर ठाण्यात मतदारामागे वीस रुपये पडतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात चौतीस. रक्कम क्षुल्लक आहे, पण वेळेचेही असेच आहे. लोकसभेत दिवसाला तोंडी उत्तरासाठी वीस तारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्यांतले मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. पंचवीस लाख मतदारांच्या वतीने बोलणाऱ्याला आणि पाच लाखांच्या वतीने बोलणाऱ्याला तीच मिनिटे मिळतात. ज्या खासदाराकडे रोज शेकडो अर्ज येतात तो कितीही कष्टाळू असला तरी त्याला निवडून निवडून उत्तरे द्यावी लागतात, आणि मग ज्यांची ओळख आहे, संघटना आहे किंवा पैसा आहे, त्यांचेच अर्ज वर येतात. मतदारसंघ मोठा झाल्याचा पहिला तोटा ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याला होतो. निवडणूक लढवायची तरी पंचवीस लाख मतदारांपर्यंत पोहोचण्याचा खर्च नाथ पैंसारख्या साधनहीन माणसाला आज कसा परवडला असता, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता महाराष्ट्राविषयी. आपल्या राज्याला १९७७ पासून लोकसभेच्या ४८ जागा आहेत. १९७१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा साधारण ९.२ टक्के होता आणि २०११ मध्ये तो ९.३ टक्के झाला. आजच्याच ५४३ जागा २०११ च्या लोकसंख्येवर वाटल्या तर त्रैराशिकाने महाराष्ट्राला ५० येतात, म्हणजे दोन अधिक. केरळच्या २० च्या १५ होतात, तमिळनाडूच्या ३९ च्या ३२, तर उत्तर प्रदेशाच्या ८० च्या ९० आणि बिहारच्या ४० च्या ४७ च्या आसपास. आपल्याला फारसे मिळत नाही आणि आपले काही जातही नाही, म्हणून आपल्याकडे या विषयावर शांतता आहे. पण आपला वाटा स्थिर राहिला तो कसा, हेही पाहायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, १.७ होता, केरळ आणि तमिळनाडूच्या १.८ पेक्षाही किंचित कमी. घरात मुले त्यांच्याइतकीच थोडी आणि तरीही वाटा टिकला, याचे मोठे कारण येथे कामासाठी येऊन स्थायिक झालेली माणसे हे आहे. माझ्याच मजल्यावर आम्ही कोकणातले, समोरचे कुटुंब जौनपूरचे आणि जिन्याशेजारचे पालक्काडचे. वर्तमानपत्रात ज्यांची राज्ये एकमेकांसमोर उभी केलेली दिसतात, त्या तिघांची नावे ठाण्याच्या एकाच मतदारयादीत आहेत आणि तिघांना मिळून खासदार तो एकच.

दक्षिणेच्या राज्यांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ‘कोणाचीही जागा कमी होणार नाही’ एवढ्या आश्वासनाने ती जाणारी नाही. लोकसंख्येचे प्रमाण कडकपणे पाळून केरळच्या २० जागा टिकवायच्या, तर २०११ च्या आकड्यांवर लोकसभा ७२५ सदस्यांची करावी लागते. त्यात केरळचे २० च राहतात आणि उत्तर प्रदेशाचे ८० चे १२० होतात. जागा गेली नाही, पण वजन गेले. दुसऱ्या बाजूला राजस्थानचा नागरिकही चुकीचे बोलत नाही. २०११ च्या लोकसंख्येनुसार त्याच्या राज्यात एका खासदारामागे २७ लाखांहून अधिक माणसे आहेत आणि केरळमध्ये पावणेसतरा लाख. प्रत्येक मताचे मोल समान, हे तत्त्व मानायचे तर त्याला काय उत्तर द्यायचे? त्याच्या आजोबांच्या पिढीत शाळा आणि दवाखाने पोहोचले नाहीत, मुलींची लग्ने लवकर झाली, घरे मोठी राहिली. त्याची भरपाई नातवाने मताचे मोल कमी करून घेऊन करायची, हाही न्याय नव्हे. दोन्ही बाजूंना न्याय्य गाऱ्हाणे आहे, म्हणूनच पन्नास वर्षे हा प्रश्न पुढे ढकलला गेला, आणि ढकलण्याची किंमत दोन्हीकडच्या नागरिकांनी सारखीच मोजली.

म्हणून माझे म्हणणे असे, की या दोन प्रश्नांची गाठ सोडवावी. राज्याराज्यांतील प्रमाण आणि खासदारामागची माणसे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा अडवून ठेवण्याचे कारण नाही. येत्या पुनर्रचनेत राज्यांचे आजचे आपसातले प्रमाण तसेच ठेवून सर्वांच्या जागा सारख्या पटीत वाढवाव्यात. दीडपट केल्या तर सभागृह सुमारे ८१५ चे होईल, महाराष्ट्राचे ४८ चे ७२ होतील, केरळचे ३०, उत्तर प्रदेशाचे १२०, राजस्थानचे ३७ किंवा ३८. त्यासाठी कलम ८१ मधील ५५० ची मर्यादा बदलावी लागेल, आणि ती बदलतानाच १९५२ मध्ये काढून टाकलेली गोष्ट परत आणावी: एका खासदारामागे कमाल किती माणसे, याचा आकडा घटनेत लिहावा. साडेसात लाखांवर परतणे आता शक्य नाही, तसे केले तर सभागृह अठराशेवर जाईल. पण राष्ट्रीय सरासरी अठरा लाखांच्या वर जाणार नाही, आणि गेली तर पुढच्या जनगणनेनंतर जागा आपोआप वाढतील, अशी तरतूद अशक्य नाही. राज्याच्या आतल्या सीमा मात्र दर जनगणनेनंतर न चुकता आखल्या जाव्यात, म्हणजे ठाण्यासारखी पंचवीस वर्षांची थकबाकी साचणार नाही. राज्यांच्या प्रमाणातली तफावत त्यानंतरच्या दोन-तीन जनगणनांत टप्प्याटप्प्याने कमी करता येईल. बिहारचा जननदर त्याच पाहणीत ३.० होता आणि उत्तर प्रदेशाचा २.४, पण उतार दोन्हीकडे लागला आहे. ही तफावत जेवढी वाढायची तेवढी बहुतांशी वाढून झाली आहे. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०११ ची लोकसंख्या धरताना लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांसाठी साडेबारा टक्के भारांक वेगळा ठेवला होता. पैशांच्या वाटणीत असा मधला मार्ग काढता येतो, तर जागांच्या वाटणीतही तो काढता येईल.

यावर जे आक्षेप येतील त्यांतला एक मला खरोखर गंभीर वाटतो. आठशे सदस्यांच्या सभागृहात चर्चा होईल कशी? जागा आहे, २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनातील लोकसभेच्या सभागृहात ८८८ आसने आहेत. वेळ मात्र आपोआप वाढणार नाही. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या कार्यकाळात २७४. सदस्य दीडपट करून बैठका एवढ्याच ठेवल्या, तर आज ज्याला शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, दोन मिनिटे मिळतात त्याला तीही मिळणार नाहीत, आणि वाढलेले खासदार पक्षादेशानुसार हात वर करण्यापुरतेच उरतील. म्हणून वर्षाला किमान किती दिवस संसद भरेल, हेही जागांच्या वाढीबरोबरच ठरले पाहिजे. एक केले आणि दुसरे सोडले तर माझा या मागणीला पाठिंबा नाही. खर्चाचा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. सात कोटींहून कमी लोकसंख्येच्या ब्रिटनमध्ये कनिष्ठ सभागृहाचे ६५० सदस्य आहेत, म्हणजे लाखभर माणसांमागे एक. अमेरिकेने गेल्या शतकाच्या आरंभी आपल्या प्रतिनिधीगृहाची संख्या ४३५ वर आणून तिथेच थांबवली, तेव्हा एका सदस्यामागे दोन लाखांच्या थोडी वर माणसे होती आणि आज साडेसात लाखांहून अधिक आहेत. तिथेही त्याविषयी तक्रार आहेच. आपली सरासरी त्यांच्या तिपटीहून जास्त आहे.

आणखी एक गोष्ट या प्रश्नाला बांधलेली आहे आणि तिचा विसर पडू नये. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, पण त्या लागू व्हायच्या आहेत नव्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेपासून. राज्यांच्या वाट्याचे भांडण जितके लांबेल, तितके हे आरक्षणही लांबेल. पुनर्रचनेच्या वादाला केवळ पुढाऱ्यांचा वाद समजणाऱ्या माझ्या भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे.

जनगणना होईल तेव्हा आमच्या चाकरमान्यांनी आपण प्रत्यक्ष राहतो तिथेच आपली नोंद होते आहे ना, हे पाहावे. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारा आमचा माणूस मनाने कायम गावचाच असतो. पुष्कळांनी मतदारयादीतले नावही अजून तिथेच ठेवले आहे. भावना मी समजू शकतो, कारण माझे नाव हलवताना मलाही जड गेले होते. पण शिरगणतीत माणूस ठाण्यात आणि मत राजापुरात, असे झाले की दोन्ही ठिकाणचा हिशेब चुकतो.

शेवटी महाराष्ट्राच्या सर्व पक्षांच्या ४८ खासदारांना आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे, की त्यांनी या विषयावर आपली भूमिका लेखी जाहीर करावी: सभागृह किती मोठे असावे, एका खासदारामागे कमाल किती माणसे असावीत, आणि कोकणासारख्या ओसरत्या लोकसंख्येच्या भागाचे प्रतिनिधित्व कसे टिकवावे. हे आताच विचारण्याचे कारण असे, की पुनर्रचना करणारा परिसीमन आयोग नेमला गेला म्हणजे जनतेच्या सुनावण्या होतात त्या प्रामुख्याने सीमांच्या मसुद्यावर; कोणते गाव कोणत्या मतदारसंघात, एवढ्यापुरत्या. एकूण जागा किती, हे तोपर्यंत संसदेत ठरून गेलेले असते, आणि आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की संसद किंवा विधानसभाही त्यात फेरफार करू शकत नाही. २००८ मध्ये राजापूरचे नाव पुसले गेल्याचे आमच्या तालुक्यातल्या अनेकांना कळले ते २००९ च्या निवडणुकीत मतदानाची चिठ्ठी हातात पडली तेव्हा.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)